विश्लेषण : ना घाट, ना घाई... फ्रान्समधल्या कालव्याकाठच्या सायकलवाटा इतक्या सपाट आणि शांत कशा?

फ्रान्स आणि सायकल म्हटले की आठवते ती टूर द फ्रान्स, तिचे आल्प्समधले दमछाक करणारे चढ आणि घामाघूम झालेले स्पर्धक. मात्र त्याच देशात दिवसाला जेमतेम ४०-५० किलोमीटर, रमतगमत, सामान लादलेल्या सायकलीवरून आठवडाभर फिरणाऱ्यांचाही मोठा वर्ग आहे. त्यांच्या आवडत्या मार्गांपैकी एक म्हणजे नैऋत्य फ्रान्समधला बोर्दो ते सेत हा कालव्यांचा मार्ग. तो इतका सपाट का, इतका शांत का आणि पुढेही तसाच राहील का, याविषयी...

हा मार्ग नेमका कोणता?

नकाशात फ्रान्सचा खालचा भाग पाहा. पश्चिमेला अटलांटिक महासागराच्या बाजूला बोर्दो, पूर्वेला भूमध्य समुद्राकाठी सेत आणि या दोहोंच्या मध्ये तुलूझ. तुलूझपासून पश्चिमेकडे जाणारा गारोन कालवा १९३ किलोमीटरचा, तर पूर्वेकडे सेतजवळच्या खाऱ्या सरोवरापर्यंत जाणारा 'कनाल द्यु मिदी' म्हणजेच मिदी कालवा २४० किलोमीटरचा. या दोन्ही कालव्यांच्या काठाने सायकलमार्ग जातो. 'दोन समुद्रांचा कालवा' या नावाने तो ओळखला जातो. अटलांटिक किनाऱ्यावरच्या र्‍वायाँपासून मोजला तर त्याची एकूण लांबी सुमारे ७५० किलोमीटर भरते.

एवढे सगळे अंतर एका दमात कापणारे कमीच. बहुतेक जण बोर्दो ते तुलूझ किंवा तुलूझ ते सेत असा अर्धा टप्पा निवडतात आणि पाच ते सात दिवसांत पूर्ण करतात. त्यासाठी दंडाच्या बेडक्या लागत नाहीत की महागडी कार्बनची सायकलही लागत नाही. आजी-आजोबा, लहान मुलांना मागच्या गाडीत बसवून निघालेले आई-बाप, पहिल्यांदाच लांबचा प्रवास करणारे असे सगळे या वाटेवर दिसतात.

कालवा कोणी आणि कशासाठी बांधला?

सतराव्या शतकात अटलांटिक किनाऱ्यावरून भूमध्य समुद्रात जायचे तर जहाजांना संपूर्ण स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमार्गे जावे लागे. हा वळसा टाळायला देशातूनच कालवा काढावा, ही कल्पना जुनी होती. अडचण एकच होती. दोन समुद्रांच्या मध्ये जमीन उंचावते आणि त्या उंच जागेवर कालव्यासाठी पाणी आणायचे कुठून?

हे कोडे सोडवले पिएर-पॉल रिके या माणसाने. तो अभियंता नव्हता, मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी होता. काळ्या डोंगरातले ओढे अडवून त्यांचे पाणी पाटाने नोरूझ या सर्वांत उंच जागी आणायचे आणि तिथून ते दोन्ही बाजूंना सोडायचे, अशी त्याची योजना होती. १६६६ मध्ये राजा चौदाव्या लुईने कालव्याला मंजुरी दिली. पाणी साठवण्यासाठी सें-फेरेओल येथे त्या काळच्या मानाने प्रचंड मातीचे धरण उभे राहिले. कामाच्या ऐन भरात सुमारे १२ हजार मजूर राबत होते आणि त्यांत बायकाही होत्या.

रिकेने स्वतःची संपत्ती यात ओतली आणि तो कर्जबाजारी झाला. ऑक्टोबर १६८० मध्ये त्याचे निधन झाले. कालवा खुला झाला तो त्यानंतर काही महिन्यांनी, मे १६८१ मध्ये. ज्याने तो घडवला त्याला तो पूर्ण झालेला पाहता आला नाही. १९९६ मध्ये 'युनेस्को'ने या कालव्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

वाट सपाट का असते?

याचे उत्तर पाण्यातच आहे. साचलेले पाणी उतारावर थांबत नाही. त्यामुळे कालव्याचा प्रत्येक तुकडा समपातळीत ठेवावा लागतो आणि पातळी बदलायची तिथे 'लॉक' बांधावे लागते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला हौद. नाव आत घ्यायची, मागचे दार लावायचे, पाणी भरायचे किंवा सोडायचे आणि नाव वर चढवायची किंवा खाली उतरवायची. मिदी कालव्यावर अशी ६०हून अधिक लॉक आहेत.

त्या काळी नावांना इंजिन नव्हते. काठावरून घोडे दोराने नाव ओढत. या घोड्यांसाठी कालव्याच्या काठाने वाट ठेवावी लागे. कालवा सपाट म्हणून घोड्यांची वाट सपाट आणि घोड्यांची वाट सपाट म्हणून आजची सायकलवाटही सपाट. सायकलस्वाराला चढ लागतो तो फक्त लॉकपाशी, तोही दोन-चार मीटरचा.

आकड्यांत पाहू. तुलूझ ते नोरूझ हे अंतर सुमारे ५० किलोमीटर आणि चढ अवघा ५७ मीटर. म्हणजे दर किलोमीटरला एक मीटरहून थोडा अधिक. तुलनेसाठी, आपल्या बोरघाटात रेल्वेमार्गाचा कमाल चढ ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे किलोमीटरमागे २७ मीटर आहे. नोरूझ हा संपूर्ण मार्गाचा 'माथा' आहे आणि त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची फक्त १८९ मीटर.

अर्थात, सपाटपणा फुकट मिळत नाही. त्याची किंमत वळणांनी मोजावी लागते. बेझिएच्या पश्चिमेला कालव्याचा ५४ किलोमीटरचा एक तुकडा आहे, त्यात एकही लॉक नाही. पातळी राखण्यासाठी अभियंत्यांनी कालवा टेकड्यांच्या कडेकडेने नागमोडी नेला. समोर दिसणारे गाव गाठायला कधी कधी दुप्पट अंतर फिरावे लागते. घाईत असलेल्याला हे खटकेल. ज्याला घाई नाही त्याला द्राक्षमळ्यांची आणखी एक रांग पाहायला मिळते.

याच तुकड्यात माल्पाचा बोगदा लागतो. १६७९ मध्ये खोदलेला हा बोगदा नावांसाठी खोदलेला युरोपातला पहिला कालवा-बोगदा मानला जातो. पुढे बेझिएजवळ फोंसरान येथे आठ हौदांचा जिना आहे. सुमारे ३०० मीटर अंतरात तो नावांना २१.५ मीटर वर-खाली नेतो. नाव एकेक पायरी चढत असताना सायकलस्वार काठावर उभे राहून निवांत पाहत असतात.

रेल्वेने कालव्याला मारले, मग पुढे काय झाले?

तुलूझच्या पश्चिमेचा गारोन कालवा पूर्ण झाला तो १८५६ मध्ये. आता खऱ्या अर्थाने दोन समुद्र जोडले गेले. पण त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, बोर्दो ते सेत रेल्वेमार्ग तयार झाला, तोही बराचसा कालव्याला समांतर. इतकेच नव्हे, तर १८५८ मध्ये कालवा चालवण्याचा ठेका त्याच रेल्वे कंपनीकडे ४० वर्षांसाठी गेला. स्पर्धकाच्या हाती चाव्या गेल्यावर जे व्हायचे तेच झाले. मालवाहतूक घटत गेली आणि १९८०च्या दशकाअखेरीस ती थांबलीच. ज्या कामासाठी कालवा बांधला, ते काम उरले नाही.

पुढे मोटारी आल्या आणि हीच वेळ छोट्या रेल्वेमार्गांवरही आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सने गावोगावी रूळ टाकले होते. विसाव्या शतकात त्यातले अनेक मार्ग बंद पडले. रूळ निघाले, पण भराव, पूल आणि बोगदे राहिले. रेल्वेचा चढ बेताचाच असल्याने या वाटाही सायकलला सोयीच्या ठरल्या. बर्गंडीतल्या जिव्री ते क्लुनी या बंद मार्गावर १९९७ मध्ये फ्रान्सची पहिली 'व्वा व्हेर्त' म्हणजे हरित वाट सुरू झाली. मोटारींना बंदी असलेल्या अशा वाटा आता देशभर आहेत.

बोर्दोहून निघाल्यावर पहिले सुमारे ५० किलोमीटर अशाच जुन्या रेल्वेमार्गावरून जातात. या वाटेला रोजे लापेबी या स्पर्धकाचे नाव दिले आहे. १९३७ ची टूर द फ्रान्स त्याने जिंकली होती आणि गिअर बदलणाऱ्या सायकलीवर ती जिंकणारा तो पहिला. त्याआधी स्पर्धेत असे गिअर वापरायला मनाई होती.

स्पर्धकांच्या आधी गिअर कोणी वापरले?

गंमत म्हणजे जे गिअर स्पर्धेत १९३७ पर्यंत निषिद्ध होते, ते निवांत फिरणाऱ्यांनी कित्येक वर्षे आधीच आपलेसे केले होते. सें-एतियन शहरातले पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) हे त्यांचे अध्वर्यू. 'वेलोसिओ' या टोपणनावाने ते लिहीत. सायकल शर्यतीसाठी नसून देश पाहण्यासाठी आहे आणि देश पाहायचा तर चढावर पाय मोडून घेण्यात अर्थ नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी सायकलस्वारांसाठी काही नियम घालून दिले. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या आणि कोणाला दाखवण्यासाठी पायडल मारू नका, हा त्यांचा मथितार्थ. आजही फ्रान्समध्ये सायकल पर्यटनाचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

तरीही, फिरायला सुट्टी कोणाला होती? बरीच वर्षे ती फक्त पैसेवाल्यांना होती. जून १९३६ मध्ये लेऑं ब्लुम यांच्या सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवडे पगारी रजा देणारा कायदा केला. सोबत रेल्वे तिकिटात ४० टक्के सवलत आली. त्या उन्हाळ्यात कारखान्यातली हजारो माणसे आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहायला निघाली. कोणी रेल्वेने, तर कोणी सायकलवर किंवा दोघांनी मिळून चालवायच्या टँडेमवर. त्या टँडेमची छायाचित्रे फ्रान्समध्ये आजही त्या कायद्याची खूण मानली जातात. कालव्याकाठच्या आजच्या निवांतपणामागे हा हक्कही आहे.

दिवस कसा जातो?

सामान लादलेली सायकल, ताशी १२ ते १५ किलोमीटरचा वेग आणि प्रत्यक्ष चाक फिरते ते तीन-चार तास. उरलेला वेळ थांबण्यात जातो. सकाळी गावातल्या बेकरीतून लांब पाव घ्यायचा, दुपारी झाडाखाली चीज आणि टोमॅटोबरोबर तो संपवायचा.

वाटेत पाहायलाही भरपूर आहे. आजाँ येथे कालवाच पुलावरून जातो. ५३९ मीटर लांबीच्या आणि २३ कमानींच्या दगडी पुलावरून नावा जातात आणि खालून गारोन नदी वाहते. काठाची वाट पुलावरही आहे, त्यामुळे एका बाजूला कालव्याचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला खोल नदी, अशी सायकल चालवता येते. म्वासाक येथे सन ११०० मधला मठाचा कोरीव ओटा आणि 'शासला' जातीची गोड द्राक्षे. कास्तेलनोदारी येथे पांढऱ्या घेवड्याच्या बिया आणि मांस मंद आचेवर तासन्‌तास शिजवून केलेले 'कासुले'. मग तटबंदीचे कार्कासोन.

मुक्कामासाठी तंबू टाकायच्या जागांपासून हॉटेलांपर्यंत पर्याय आहेत. 'आक्यई वेलो' ही पाटी दिसली, तर ती जागा सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आत आहे आणि तिथे सायकल कुलपात ठेवायची सोय व दुरुस्तीची अवजारे आहेत, असे समजायचे. लॉक चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांची जुनी घरेही आता काही ठिकाणी उपाहारगृहे झाली आहेत.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण वाऱ्याची. सपाट रस्त्यावरचा घाट म्हणजे वारा. तुलूझ आणि कार्कासोनच्या दरम्यान आग्नेयेकडून येणारा 'ओताँ' जोरदार वाहतो. वायव्येकडचा वारा सुटला, तर सेतच्या दिशेने जाणाऱ्याला पाठीवर हात मिळतो आणि उलट येणाऱ्याची परीक्षा होते. एका दिवसाचा अंदाज चुकला तरी चालेल, एवढी सवड वेळापत्रकात ठेवावी लागते.

दुसरी अडचण वाटेच्या पृष्ठभागाची. गारोन कालव्याकाठी आणि तुलूझपासून पुढे सुमारे ५० किलोमीटर डांबरी वाट आहे. त्यापुढे मिदी कालव्याकाठी बरीचशी मातीची पायवाट लागते. झाडांची मुळे वर आलेली असतात आणि पावसात चिखल होतो. तिथे रुंद टायरची सायकल हवी.

तिसरी अडचण दुकानांची. छोट्या गावांत दुपारी १२ ते २ दुकाने बंद. रविवारी दुपारनंतर बहुतेक सगळेच बंद आणि सोमवारी अनेक ठिकाणी बेकरीही बंद. त्यामुळे शनिवारीच शिधा भरून ठेवायचा, हा अनुभवी लोकांचा नियम. पाण्याची युक्तीही त्यांच्याकडूनच शिकण्यासारखी आहे. नळ दिसत नसेल तर गावची दफनभूमी शोधायची. थडग्यांवरच्या फुलांसाठी तिथे बहुधा नळ असतो. फक्त 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याजोगे नाही, हे लक्षात ठेवायचे.

गावे इतकी शांत का?

या वाटेवरून जाणाऱ्याला भुलवणारी शांतता ही पूर्णपणे निसर्गाची देणगी नाही. फ्रान्सच्या ईशान्येकडून नैऋत्येकडे विरळ वस्तीचा एक पट्टा जातो. फ्रेंच भूगोलात त्याला 'रिकामा कर्ण' म्हणतात. ग्रामीण फ्रान्समधली तरुण मंडळी पिढ्यान्‌पिढ्या शहरांकडे गेली. शेतीत यंत्रे आली, माणसे कमी लागू लागली. मग शाळा, टपाल कचेरी, शेवटची बेकरी, रेल्वे स्थानक असे एकेक बंद होत गेले. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते, त्यामागे हेही कारण आहे.

अशा गावांसाठी सायकलस्वार महत्त्वाचा ठरतो. मोटारीतला पर्यटक ताशी ८० किलोमीटरने गाव ओलांडून पुढच्या शहरात मुक्काम करतो. सायकलवाल्याला ते शक्य नसते. ४० किलोमीटरवर तो थकतो, त्याला भूक लागते, पाणी लागते, रात्रीला छप्पर लागते. त्याचा सावकाशपणाच गावाच्या उपयोगी पडतो. सायकलवाल्यांमुळे गाव पुन्हा भरत नाही, हेही खरे. बंद शाळा त्यांच्यामुळे उघडणार नाही. पण एखादी बेकरी, एखादे छोटे हॉटेल तग धरू शकते.

झाडांना काय झाले?

मिदी कालव्याची जगभर पसरलेली छायाचित्रे पाहा. दोन्ही काठांवर उंच झाडे आणि वर पानांची कमान. हे प्लेन वृक्ष, काश्मीरच्या चिनारच्या कुळातले. बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेले. त्यांची संख्या सुमारे ४२ हजार होती. सावलीबरोबरच त्यांची मुळे काठ धरून ठेवत.

२००६ मध्ये कार्कासोनजवळ या झाडांवर बुरशीचा रोग आढळला. बुरशी झाडाच्या आत पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांवर हल्ला करते आणि काही वर्षांत धडधाकट झाड वाळते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती फ्रान्समध्ये आली, असे मानले जाते. त्यावर खात्रीचा उपाय नाही. रोगट झाड आणि त्याच्या आसपासची झाडे तोडून जाळणे, एवढेच हाती असते. पाण्यातून आणि नावांच्या धक्क्यांतूनही रोग पसरतो, त्यामुळे कालव्यावर तो आवरणे आणखी कठीण झाले. आतापर्यंत हजारो झाडे तोडली गेली आहेत.

जलमार्ग सांभाळणारी सरकारी संस्था त्यांच्या जागी नवी झाडे लावत आहे. एकाच जातीवर विसंबण्याची चूक पुन्हा नको म्हणून यावेळी ओकसह अनेक जातींची निवड झाली आहे. खर्च मोठा असल्याने लोकांकडून देणग्याही घेतल्या जातात.

महाराष्ट्रातून जायचे तर?

आपल्याकडच्या अनेक सायकलपटूंना फ्रान्सची ओळख आहे ती पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमुळे. १,२०० किलोमीटर, ९० तास, झोपेची वाताहत. त्यासाठी पात्र ठरायला मुंबई, पुणे, नाशिकचे सायकलपटू रात्र-रात्र 'बीआरएम' करतात. कालव्याची वाट हे त्याच देशाचे दुसरे टोक. इथे कोणी वेळ मोजत नाही.

पर्यटनासाठी शेंगेन व्हिसा पुरतो. सायकल सोबत न नेता बोर्दो किंवा तुलूझ येथे भाड्याने घेता येते. मे-जून आणि सप्टेंबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही असते. काही नियम मात्र पाठ हवेत. वाहने उजवीकडून चालतात. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. १२ वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे. कानात इअरफोन घालून सायकल चालवणे बेकायदा. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारे जाकीट बंधनकारक. गावाबाहेर मोटारचालकाने सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडणेही कायद्याने बंधनकारक आहे.

आणि पाय दुखले, वारा उलटा लागला किंवा सुट्टी संपत आली, तर? आजाँ, तुलूझ, कास्तेलनोदारी, कार्कासोन, बेझिए ही सगळी स्थानके कालव्याजवळच आहेत. प्रादेशिक गाड्यांत सायकल बहुधा मोफत नेता येते, उन्हाळ्यात काही मार्गांवर आधी आरक्षण करावे लागते. ज्या रेल्वेने कालव्याचा धंदा हिरावला, तीच आता कालव्याकाठी थकलेल्यांना घरी पोहोचवते.

नव्या झाडांची सावली वाटेवर पडायला मात्र काही दशके जातील. तोवर कार्कासोनच्या पूर्वेला निघणाऱ्यांनी टोपी आणि पाण्याची एक जादा बाटली सोबत ठेवलेली बरी.